जुन्या मोटारीचा ताप

घाट चढतांना रस्त्याच्या कडेला बॉनेट उघडून उभी राहिलेली मोटार आणि तिच्या तोंडांतून निघणारी वाफ, हें दृश्य महाराष्ट्रांतील प्रवाशाला नवें नाहीं. खंडाळ्याच्या, खंबाटकीच्या किंवा कसाऱ्याच्या चढावर पूर्वीं असें एखादें तरी वाहन प्रत्येक फेरींत भेटे. नव्या मोटारी आतां सहसा अशा अडून राहत नाहींत; परंतु ज्यांनीं हौसेनें जुनी मोटार जतन केली आहे, किंवा ज्यांचें पोट अजून जुन्या जीपगाडीवर अवलंबून आहे, त्यांच्या मागची ही कटकट सुटलेली नाहीं. रेडिएटरांत पाणी ओतावें, एंजिन निवूं द्यावें, पांच-सात मैल जावें, आणि पुनः तेंच! असें एकदां घडलें तर तो अपघात समजावा. वरचेवर घडूं लागलें कीं तो रोग ठरतो. त्या रोगाचें निदान कसें करावें, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

ताप हें लक्षण आहे, रोग नव्हे, हें वैद्याला सांगावें लागत नाहीं. मोटारीच्या बाबतींत मात्र या साध्या गोष्टीचा विसर पडतो. मोटार तापते असें म्हणतांच कोणी थर्मोस्टॅट काढून फेकावयास सांगतो, कोणी पाण्याचा पंप बदलतो, कोणी रेडिएटर नवा आणवितो. ज्याच्या हाताशीं जो भाग असेल त्याचा दोष, असा हा न्याय! मालक प्रत्येक वेळीं पैसे मोजतो, आणि पुढच्या चढावर वाफ पहिल्यासारखीच निघते. यांत द्रव्याची नासाडी तर आहेच. पण खरी हानि पुढेंच आहे. दर खेपेला एंजिन अधिकाधिक भाजून निघतें, आणि अखेरीस सिलिंडरचें डोकें, ज्याला मिस्त्रीलोक हेड म्हणतात, तें वांकतें किंवा चिरतें. प्रीमियर पद्मिनीचें हेड ॲल्युमिनियमचें असल्यामुळें लौकर वांकतें. ॲम्बॅसडरचें बिडाचें, तें सहसा वांकत नाहीं, पण झडपांच्या बैठकींमध्यें त्याला तडा जाण्याचें भय असतें. ॲम्बॅसडर १९५७ सालापासून बंगालमधील उत्तरपाड्याच्या कारखान्यांत तयार होत असे; तें काम २०१४ सालीं थांबलें. पद्मिनीची निर्मिति त्याच्याही पुष्कळ आधीं बंद पडली, आणि मुंबईच्या रस्त्यांवरची तिची काळी-पिवळी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्यें कायमची निघून गेली. अशा मोटारीचें हेड एकदां गेलें कीं दुसरें मिळविण्यासाठीं जुन्या बाजारांत किती खेटे घालावे लागतात, हें ज्यांनीं ते घातले आहेत तेच जाणतात.

निदानाकडे वळण्यापूर्वीं ही उष्णता येते कोठून व जाते कोठें, हें ध्यानांत घेतलें पाहिजे. पेट्रोल जळून जी उष्णता निर्माण होते तिच्यापैकीं, ढोबळ मानानें, चौथा हिस्सा किंवा त्याहून थोडी अधिक उपयोगी कामास लागते. उरलेलीपैकीं मोठा भाग धुराबरोबर निघून जातो, आणि जवळजवळ तितकाच सिलिंडरच्या भिंतींतून भोंवतालच्या पाण्यांत उतरतो. पंप तें पाणी फिरवितो. तापलेलें पाणी वरच्या रबरी नळीनें रेडिएटरच्या माथ्यावरील टाकींत येतें, बारीक नळ्यांच्या जाळींतून उतरतांना आपली उष्णता वाऱ्याच्या स्वाधीन करतें, आणि निवून खालच्या नळीनें पुनः एंजिनांत शिरतें. कार्ल बेंझच्या १८८६ सालच्या तीनचाकी गाडींत अशी सोय नव्हती. तेथें पाणी नुसतें उकळून जाई आणि वाटेंत पुनःपुनः भरावें लागे. १९०१ सालच्या मर्सिडीझ मोटारीला विल्हेल्म मायबाख यानें मधमाश्यांच्या पोळ्यासारखा रेडिएटर बसविला. त्यांत ८,०७० बारीक नळ्या होत्या. फोर्डच्या मॉडेल टी गाडीला तर, अगदीं पहिल्या कांहीं गाड्या सोडल्यास, पंपच नसे. गरम पाणी आपोआप वर चढतें आणि थंड पाणी खालीं उतरतें, एवढ्या नियमावर ती १९०८ पासून १९२७ पर्यंत जगभर धांवली. तात्पर्य, यंत्र कोणतेंही असो, उष्णता वाजवीपेक्षां अधिक निर्माण होणें, पाणी कमी पडणें, तें नीट न फिरणें, किंवा जाळीला वारा न मिळणें, यांच्याबाहेर तापाचें कारण शोधावयास जावें लागत नाहीं.

मात्र त्याच्याही अगोदर एक प्रश्न विचारावयास हवा : मोटार खरोखरच तापते काय? पुष्कळदां कांटाच खोटें बोलतो. कांहीं जुन्या मोटारींत उष्णतेचें आणि पेट्रोलचें अशीं दोन्ही मापकें विजेच्या एकाच नियामकावर चालतात. तो नियामक बिघडला कीं दोन्ही कांटे मिळून वर चढतात. तापाचा कांटा चढत असतांना टाकींतलें पेट्रोलही वाढल्यासारखें दिसूं लागलें, तर चूक एंजिनाची नव्हे! आतां दुरून उष्णता मोजणारें इन्फ्रारेड यंत्र हातांत मावेल एवढें व अल्प किंमतींत मिळतें. थर्मोस्टॅटच्या घुमटीवर तें रोखून पाहावें. तेथें ८५ किंवा ९० अंश सेंटिग्रेड भरत असतील आणि कांटा मात्र लाल रेघेला टेंकला असेल, तर रेडिएटरवाल्याकडे जाण्याचें कारण नाहीं. त्याचप्रमाणें चढ चढून मोटार उभी केल्यावर, एंजिन बंद करतांच, कांटा थोडा वर सरकतो. पंप थांबलेला असतो आणि बिडांत सांठलेली उष्णता पाण्यांत उतरत असते. हा दोष नव्हे. पुष्कळ निरपराध पंप या एका गैरसमजापायीं बदलले गेले आहेत.

ताप खरा ठरला कीं मग मुख्य प्रश्न येतो, आणि बहुतेक निदान याच प्रश्नाच्या उत्तरांत दडलेलें असतें : मोटार तापते ती केव्हां? दादरच्या किंवा लक्ष्मी रस्त्याच्या गर्दींत ती तापते आणि मोकळ्या सडकेला लागतांच निवते, असें असेल तर वाऱ्याची वाण आहे. धांवत्या मोटारीला वारा आपोआप मिळतो. उभ्या मोटारीला तो पंख्यानेंच पुरवावा लागतो. अशा वेळीं पंख्याचा पट्टा पाहावा. त्याच्या सर्वांत लांब भागावर आंगठ्यानें दाबलें असतां तो सुमारें अर्धा इंच लवावा. त्याहून सैल पट्टा घसरतो. ॲम्बॅसडरमध्यें हाच पट्टा डायनॅमोही फिरवितो. म्हणून वेग वाढवितांना चीत्कार ऐकूं आला किंवा विजेचा लाल दिवा मिणमिणला, तर पट्ट्याविषयीं संशय घ्यावा. जाळीच्या पुढें किडे, चिखल आणि तेलकट धूळ यांचा थर बसला असेल तर तो मागच्या बाजूनें पाण्याची धार सोडून धुवावा. पुढून धुतल्यास घाण आणखी आंत रुतते. पंख्याभोंवतीं मूळचें पत्र्याचें वेष्टन असेल आणि तें मागील दुरुस्तींत कोणी ‘उगीच अडचण’ म्हणून काढून टाकलें असेल, तर तें परत बसविलें पाहिजे. त्याच्यावांचून पंखा जाळींतून वारा ओढण्याऐवजीं बाजूचा गरम वाराच घुसळीत बसतो.

याच्या उलट, गांवांत मोटार शांत राहते आणि चढावर किंवा लांबच्या वेगाच्या प्रवासांत मात्र तापते, तर दोष पाण्याच्या फिरण्यांत शोधावा. जाळींतील नळ्या निम्म्या बुजल्या असतील तर उरलेल्या निम्म्यांवर गांवांतलें काम भागतें. घाटांत तें भागत नाहीं. एंजिन चांगलें तापवून बंद करावें, पंखा थांबल्यावर जाळीवर जागोजागीं उष्णता मोजावी. मध्येंच जेथें थंड पट्टे लागतील तेथील नळ्या बंद आहेत. पितळी रेडिएटर असला तर कुशल कारागीर त्याच्या टाक्यांची झाळ सोडवून नळ्यांतून बारीक सळ्या घालतो आणि त्या मोकळ्या करतो; नवा घेण्याची घाई करूं नये. खालची रबरी नळीही तपासावी. पंप तिच्यांतून पाणी ओढीत असतो. आंतील तारेचें वेटोळें गंजून गेलें असेल तर वेगांत ती नळी चपटी होते आणि वेग कमी करतांच फुगून पूर्ववत् होते. मोटार उभी करून पाहणाऱ्याला ती नेहमीं निर्दोषच दिसते. म्हणून एंजिनाचा वेग वाढवून, हात पंख्यापासून दूर ठेवून, तिच्याकडे डोळे लावून बसावें लागतें.

सकाळीं थंड एंजिन सुरू केल्यावर दोन-चार मिनिटांतच कांटा झपाट्यानें चढूं लागला, तर पाणी अगदींच कमी आहे, थर्मोस्टॅट बंद स्थितींत अडकला आहे, किंवा हेडखालचें गॅसकेट फुटलें आहे. थर्मोस्टॅटची परीक्षा स्वयंपाकघरांत होते. पातेल्यांत पाणी घेऊन तो दोऱ्यानें त्यांत असा टांगावा कीं तळाला टेंकणार नाहीं, आणि शेजारीं उष्णतामापक धरावा. त्याच्यावर जो अंक कोरलेला असतो, पुष्कळांवर तो ८२ असतो, त्याच्या आसपास त्यानें उघडावयास लागावें व पुढील दहा-पंधरा अंशांत पुरतें उघडावें. तसें झालें नाहीं तर नवा घ्यावा. पण जागा रिकामी ठेवूं नये. आपल्या उष्ण देशांत थर्मोस्टॅट कशाला, हा समज जितका पसरलेला तितकाच चुकीचा आहे. त्याच्यावांचून एंजिनाला कामाची उष्णता लौकर येत नाहीं, सिलिंडर झिजतात, पेट्रोल अधिक लागतें. आणि ज्या रचनांत थर्मोस्टॅटच आडवाट बंद करीत असतो, तेथें तो काढल्यावर पाण्याचा कांहीं भाग रेडिएटरांत न जातांच माघारी फिरतो. म्हणजे ताप उतरविण्यासाठीं केलेला उपाय तापच वाढवितो.

रेडिएटरच्या झांकणाकडे कोणी फारसें पाहत नाहीं, आणि तें सर्वांत स्वस्त. या झांकणांतील स्प्रिंग पाण्यावर दाब राखते. दर चौरस इंचास ७ पौंडांचा दाब राहिला तर समुद्रसपाटीला १०० अंशांवर उकळणारें पाणी सुमारें १११ अंशांपर्यंत उकळत नाहीं. झांकणाचें रबर कुजलें कीं ही सवलत गेली. त्यांत महाबळेश्वरासारख्या उंचीवर उघड्या भांड्यांतलें पाणी ९५-९६ अंशांवरच उकळतें. म्हणजे पुण्यांत तग धरणारी मोटार वर पांचगणीकडे चढतांना वाफ सोडते, त्यांत चढाबरोबर उंचीचाही वाटा असतो.

आतां ज्या रोगापुढें भले भले मिस्त्री हात टेंकतात, त्याकडे वळावें. रेडिएटर नवा, पंप नवा, थर्मोस्टॅट नवा, नळ्या नव्या. आणि तरीही मोटार तापते. अशा वेळीं दोष बहुधा एंजिनाच्या पोटांत असतो. सिलिंडरांभोंवतीं पाणी खेळण्यासाठीं बिडाच्या ठोकळ्यांत पोकळ्या ठेवलेल्या असतात. तीस-चाळीस वर्षें विहिरीचें, बोअरचें, जें हातीं लागेल तें पाणी ओतलें गेलें, म्हणजे तांबडा गंज आणि क्षार त्यांत सांठत जातात. घरांतल्या बंबाच्या आंत धरलेली खपली ज्यानें पाहिली आहे, त्याला हें निराळें समजावून सांगावयास नको. हा गाळ पंपापासून सर्वांत दूर, म्हणजे मागील सिलिंडरांच्या तळाशीं अधिक बसतो, कारण तेथें पाण्याची गति मंद असते. क्षारांच्या पातळ थरांतूनही उष्णता बिडाच्या मानानें फारच सावकाश जाते. त्यामुळें मागचा सिलिंडर भाजत असतो आणि पुढें बसविलेल्या मापकाला त्याची वार्ताही नसते!

हा गाळ ओळखण्याची युक्ति साधी आहे. ठोकळ्याच्या बाजूला तळाशीं पाणी काढण्याची एक तोटी किंवा बूच असतें. कित्येक मोटारींत तें विकत घेतल्यापासून कोणी उघडलेलेंही नसतें. एंजिन थंड असतांना तें काढावें. पाणी धो धो न येतां नुसतें ठिबकलें, किंवा कांहींच आलें नाहीं, तर रोग सांपडला. मग तारेनें आंतला गाळ खरवडून मोकळा करावा लागतो, थर्मोस्टॅट काढून वरून पाण्याची जोराची धार सोडावी लागते, आणि पाणी निवळ येईपर्यंत, मग एक प्रहर लागो कीं दोन, हें चालवावें लागतें. कधीं ठोकळ्याच्या बाजूला असलेल्या पत्र्याच्या वाटोळ्या बुचांपैकीं मागचें बूच काढून तेथून गाळ उकरल्याशिवाय गत्यंतर नसतें. काढलेल्या बुचाच्या जागीं नवें बसवावें. हें काम कोणाला आवडत नाहीं. त्यांत हात मळतात, वेळ जातो, आणि बिलावर दाखविण्यासारखी नवी वस्तु कांहींच नसते. म्हणूनच तें राहून जातें. तें झाल्यावर पुढील कांहीं दिवस सुटा झालेला गंज रेडिएटरांत जाऊन बसण्याचा संभव असतो. यासाठीं वरच्या नळींत, रेडिएटरच्या तोंडाशीं, जुन्या नायलॉनच्या पायमोज्याचा तुकडा गाळणीसारखा बसवावा आणि तो वरचेवर काढून धुवावा. पहिल्या दिवशीं त्यांत जें निघतें तें पाहून मालकाला आपण इतके दिवस कशावर मोटार चालवीत होतों याचा उलगडा होतो.

पाण्याची वाट मोकळी असूनही ताप राहिला, तर उष्णताच अधिक निर्माण होत आहे. ठिणगी उशिरा पडत असेल तर पेट्रोल पिस्टन खालीं जाऊं लागल्यावरही जळत राहतें, आणि जी उष्णता कामीं यावयाची ती भिंतींना व धुराच्या नळाला मिळते. डिस्ट्रिब्यूटरमधील वजनें गंजून अडकलीं किंवा त्याच्या डबींतील पडदा फाटला, म्हणजे एंजिन मंद चालतांना सर्व ठीक दिसतें आणि वेगांत ठिणगी मागें पडते. कार्ब्युरेटरांतून पेट्रोल कमी व हवा अधिक जात असल्यासही उष्णता वाढते. येथें एक नवी गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. भारतांत २०२५ सालीं पेट्रोलमधील इथेनॉलचें प्रमाण २० टक्क्यांपर्यंत नेण्यांत आलें. इथेनॉलच्या अंगींच प्राणवायु असल्यामुळें जुन्या कार्ब्युरेटरचें मिश्रण आपोआप कृश होतें. नव्या मोटारींप्रमाणें तें सावरून घेण्याची युक्ति त्याच्याजवळ नाहीं. मुळांत काठावर असलेल्या एंजिनाला तेवढें निमित्त पुरे होतें. याशिवाय, दहा मैल जाऊन थांबल्यावर चाकांच्या मध्यावरची उष्णता पाहावी. एखादें चाक इतरांपेक्षां फार गरम असेल तर तेथील ब्रेक सुटत नाहीं, आणि एंजिन बिचारें बांधलेली मोटार ओढीत आहे!

शेवटची आणि सर्वांत धास्तीची शंका गॅसकेटची. त्यासाठीं हेड उघडण्याची गरज नाहीं. एंजिन पूर्ण थंड असतांना झांकण काढून पाणी कांठोकांठ भरावें आणि एंजिन सुरू करावें. पाणी तापण्यापूर्वींच तोंडाशीं सारखे बुडबुडे येऊं लागले, किंवा झांकण लावून सुरू केल्यावर मिनिटाभरांत वरची नळी दगडासारखी कठीण झाली, तर सिलिंडरमधील वायु पाण्यांत घुसत आहे. तेलाचा रंग दुधाळ होणें, धुराच्या नळांतून पांढरी वाफ सतत येणें, चार प्लगांपैकीं एकच धुतल्यासारखा स्वच्छ निघणें, याही त्याच्याच खुणा आहेत. खात्री करून घेण्यासाठीं एक निळें द्रावण मिळतें. रेडिएटरच्या तोंडावरील वायु त्याच्यांतून ओढला असतां धुराचा अंश असल्यास तें पिवळें पडतें. हेड काढल्यावर तें सपाट आहे कीं नाहीं हें पोलादी पट्टी लावून पाहिल्यावांचून नुसतें गॅसकेट बदलूं नये. वांकलेल्या हेडखालीं नवें गॅसकेट फार दिवस टिकत नाहीं.

वाटेंत मोटार तापलीच तर तिला बाजूला घेऊन एंजिन बंद करावें, आणि निदान अर्धा तास झांकणाला हात लावूं नये. दाबाखालीं असलेलें पाणी झांकण सुटतांच एकदम उकळून अंगावर उडतें. तोंड व हात भाजल्याचे प्रकार असेच होतात. तापलेल्या बिडावर ओढ्याचें गार पाणी ओतणें हाही चांगलें हेड चिरून घेण्याचा खात्रीचा मार्ग आहे.

दुरुस्ती झाल्यावर नुसतें पाणी न भरतां शुद्ध केलेलें पाणी व कूलंट निम्मे-निम्मे भरावें. कूलंट थंड मुलखासाठींच असतें असें नव्हे. त्यांतील द्रव्यें गंज धरूं देत नाहींत आणि मिश्रण उकळण्यास अधिक उष्णता लागते. मोटारीचें नाक थोडें उंच करून, झांकण उघडें ठेवून, थर्मोस्टॅट उघडेपर्यंत एंजिन चालू ठेवावें, म्हणजे आंत कोंडलेली हवा निघून जाते. नंतर ज्या चढावर मोटार पूर्वीं अडत असे त्याच चढावर, शक्य तर उन्हाच्या वेळीं, तिची परीक्षा घ्यावी. पुढील आठवडाभर रोज सकाळीं, एंजिन थंड असतांना, पाण्याची पातळी पाहून वहींत टिपून ठेवावी. पातळी दररोज थोडी थोडी उतरत असेल आणि बाहेर कोठेंही थेंब दिसत नसेल, तर गॅसकेटची परीक्षा पुनः करणें प्राप्त आहे.